महाराजांनी धरलेला हात

आशाबाईच्या अंगणात अर्धं वडनेर श्वास रोखून बसलं होतं. करकर... पाटीवर पेन्सिल ओढली गेली. तिची सात वर्षांची लेक शालू जन्मात एक शब्द बोलली नव्हती, आणि आता तिचा हात लिहीत होता. मनगट तेवढं गावात आलेल्या महाराजांच्या मुठीत.

"जीभ बांधली सटवाईनं, पन हाताले कोन बांधते?" महाराज डोळे फिरवत म्हणाले. "मी नुसता टेकू देतो. बोलते लेकरू!"

आठ दिवसांपूर्वी असंच 'माय' उमटलं, तेव्हा आशाबाईनं पाटी छातीशी धरली होती. महाराजांच्या सांगण्यावरून शालूचा शाळेतून मिळालेला रोजचा गृहपाठही तिनं बंद केला होता. आज उमटलं, 'मले महाराजाच्या मठात जाऊ दे.'

आशाबाईनं शालूचा दुसरा हात घट्ट धरला. पण नाही कोणत्या तोंडानं म्हणावं? लेकीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

झेडपीच्या नव्या शाळेतल्या शिक्षिका सिंधूताई पुढे आल्या. "महाराज, जरा भिंतीआड व्हा." ते गेल्यावर बाईंनी पदराखालून वांगं काढलं, शालूला दाखवलं, गर्दीला दाखवलं, परत झाकलं. "या आता. शालू, काय पाहिलंस? लिही."

महाराजांनी मनगट धरलं. पेन्सिल अडखळली, मग झरझर चालली. 'देवी.'

"काहो म्हाराज, वांगं होतं थे! भरताचं!" गर्दीतली भीमाबाई खिदळली.

सिंधूताई हसल्या नाहीत. "शालू सारा वेळ कडुनिंबाकडे पाहत होती. पाटीकडे न बघता ओळ लिहिता येते का कुणाला? जो हात हलवतो, शब्द त्याचेच. चमत्कार दिसला की आधी तपासा, मग हात जोडा. दीड वर्ष गृहपाठ करून ती एक उभी रेघ शिकली होती. ती रेघ मात्र तिची होती."

महाराजांनी झोळी उचलून फाट्याची वाट धरली. पोरगी वाचली, म्हणत लोक पांगले. आशाबाईला मात्र वाटलं, आपल्याला माय म्हणणारं कुणीतरी आत्ताच गेलं.

तिनं पाटी पुसून शालूच्या बोटांत पेन्सिल दिली. "ओढ वो बाई, एकच रेघ." बोटं मिटेनात. पेन्सिल घरंगळली. पुन्हा दिली, पुन्हा घरंगळली. दीड वर्षाचं शिकणं आठ दिवसांच्या खाड्यात गेलं होतं.

धाकटी लेक चांगुणा पेन्सिल उचलून देता देता थांबली.

"माय, मंग ताईले खरंच काय म्हनायचं असन वो?"