आईच्या नावाचा पंखा

"ट्रस्ट होता म्हणता, मग लेखी काहीतरी द्या की!" आपल्या बाजूच्या वकील श्वेता मॅडमनी पुन्हा तेच विचारलं आणि मीराचं डोकं तापलं.

लेखी आणायचं कुठून? तिच्या वडिलांनी, भाऊरावांनी, बुद्धपौर्णिमेला अख्ख्या चाळीसमोर सांगितलं होतं, "ही कोपऱ्यातली खोली आजपासून विहाराची. आमच्या घरच्यांचा हिच्यावर हक्क नाही." झालं! सगळ्यांनी खीर खाल्ली, कागद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता घाटकोपरची ती चाळ पाडून टॉवर होणार म्हटल्यावर तिच्या धाकट्या भावाला, अनिरुद्धला, बरोबर आठवलं की खोली अजून गेलेल्या बाबांच्याच नावावर आहे. तिच्या बदल्यात मिळणारा फ्लॅट त्याला हवा होता. ट्रस्टबिस्ट काही नव्हताच, म्हणे; लोक आमच्या खोलीत येऊन बसायचे, एवढंच.

मीरानं चाळ पालथी घातली. वनमालाकाकू शपथेवर सांगायला तयार, पण साल विचारलं की त्यांची गाडी थेट स्वतःच्या बाळंतपणावर. बाकीच्यांचं नुसतं "बघू गं." वैतागून ती विहारात येऊन बसली, तर डोक्यावर पंखा कुरकुरतोय. चिडून तिनं बटण बंद केलं. पाती थांबली आणि त्यांच्यावरची लाल अक्षरं वाचता आली. कालकथित सुगंधाबाई यांच्या स्मरणार्थ, पुत्र अनिरुद्ध भाऊराव यांच्याकडून विहारास दान.

धर्मादाय कार्यालयातल्या सुनावणीला श्वेता मॅडमनी पंख्याचा फोटो अनिरुद्धपुढे ठेवला. "खोली तुमचीच होती, तर हे दान तुम्ही कुणाला दिलंत?"

"कुणीतरी परस्पर रंगवलं असेल," अनिरुद्धचा वकील घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं अशिलाला कोपरानं ढोसलं. मीरानं भावाकडे पाहिलं. हा नुसता 'हो' म्हणाला की विहार गेला, आणि आईसुद्धा.

अनिरुद्ध फोटोकडे बघत राहिला. आई गेली त्या वर्षी स्टुलावर चढून, रडत रडत, त्यानंच तो पंखा लावला होता.

"मीच दिलाय," तो म्हणाला. "विहाराला."

वकिलानं कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर मीरा कडाडली, "हे आधीच बोलला असतास, तर माझा इतका जीव खाल्ला असतास का रे?"

"आईचं नाव पुसट झालंय, ताई," तो खाली बघत म्हणाला. "रंगवून घे ना."

"मी नाही. तूच ये शिडी घेऊन," मीरा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "आणि तेलही घाल. केवढा कुरकुरतो मेला!"