बोटीवरची दुसरी पंगत

फॉर्म भरायचं काम दौलतरावांनी नेहमीप्रमाणे स्वतःकडे घेतलं होतं. मालन शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती आणि टूर ऑफिसच्या भिंतीवरची बोट बघत होती. पांढरीशुभ्र बोट, आणि तिला खिडक्या इतक्या, की वर्तकनगरातल्या त्यांच्या कॉलनीच्या सगळ्या इमारती एकमेकींवर रचल्या तरी तेवढ्या भरायच्या नाहीत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे करत असतील? आणि फोडणीचा वास कुठून बाहेर सोडत असतील? चित्रात तिला काही केल्या ते सापडत नव्हतं.

"काका, इथे काहीतरी चुकलंय." काउंटरमागच्या शीलाने फॉर्म उलटा फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. "जेवणाच्या वेळेत तुम्ही आणि मोठे काका पहिल्या बैठकीत, आणि काकी दुसऱ्या?"

"बरोबर आहे. आधी आम्ही जेवणार, मग ती."

शीलाचं पेन हवेतच राहिलं. "अहो, पण काकींना तिथे वाढायचं नाहीये."

"ते कळतं हो मला. वेटर असतात. पण जेवायची म्हणून काही पद्धत असते ना!"

शीला हसली नाही, हे मालनला आवडलं. तिने नीट समजावून सांगितलं. बोटीवरचा जेवणाचा हॉल मोठा असला तरी सगळी माणसं एकदम मावत नाहीत. म्हणून रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा, एक लवकरची आणि एक उशिराची. एकदा वेळ ठरली की ती बदलत नाही. टेबल आठ जणांचं. तेच टेबल, तीच माणसं, बोट परत लागेपर्यंत. म्हणजे काकी वेगळ्या वेळेला बसल्या तर सात अनोळखी माणसांबरोबर बसतील.

"मला एक सांग," मालन पहिल्यांदाच बोलली. "दुसऱ्या पंगतीला उरतं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पहिली पंगत उठल्यावर मठ्ठ्यात पाणी घालतात, जिलबीचा चुरा होतो. तसं तिथे काय होतं?"

"तसं काही नसतं काकी. दोन्ही वेळेला तेच पदार्थ, दोन्ही वेळेला गरम."

मालनचा विश्वास बसला नाही. दुसरी पंगत तिने जन्मभर पाहिली होती. ही पोरगी अजून कुणाच्या घरी वाढायला उभीसुद्धा राहिली नसेल. "मग दोन्हींत फरक काय?"

शीलाने जरा विचार केला. "पहिल्या बैठकीवाल्यांना वेळेवर उठावं लागतं, मागचे लोक दाराशी येऊन थांबलेले असतात. दुसऱ्यांच्या मागे कुणी नसतं. कितीही वेळ बसा."

हे मात्र मालनने आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खरं तर ते तिला माहीत होतं, पण माहीत आहे हे माहीत नव्हतं.

"सोमवारपर्यंत सांगा," शीला म्हणाली. "तोवर मी पेन्सिलीने लिहिते."

ही सगळी उत्तमची हौस. मालन आणि दौलतरावांचा हा मुलगा दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला नोकरीला गेला. वडील कोलशेतच्या कंपनीतून रिटायर झाल्याबरोबर त्याने ट्रिप ठरवली. आधी सिंगापूर बघायचं, मग आईवडिलांनी तीन रात्री बोटीवर जायचं. आणि त्याची एकच अट होती, महिपतकाकांनाही आणायचं. रंभाकाकू गेल्यापासून काका घराबाहेर पडलेले नाहीत, हे त्याला तिकडे बसूनही कळत होतं.

महिपतदादा म्हणजे दौलतरावांचे थोरले भाऊ, मालनचे भासरे. एसटीत कंट्रोलर होते. दोन्ही भावांचं घर एकच, चूल एकच. घरातली रीत रत्नागिरीकडून आली ती इथे फ्लॅटमध्येही तशीच राहिली होती. आधी पुरुष जेवायचे, मग बायका. भासऱ्यांसमोर धाकट्या सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर खाली बसून घास घ्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. मालनला सून येण्याचे दिवस आले तरी या घरात ती धाकटी सूनच होती. दादांना आमटी हवी का हे ती नवऱ्याला विचारायची. नवरा घरात नसला तर भिंतीला विचारायची, आणि दादा भिंतीला उत्तर द्यायचे. कुणी कुणाला जाच करत नव्हतं. इतकी वर्षं चाललं होतं, म्हणून चाललं होतं.

रंभाबाई होत्या तोवर मालनला त्याचं काही वाटायचं नाही. पुरुष हात धुऊन बाहेर टीव्हीपुढे गेले, की स्वयंपाकघराचं दार लोटून दोघी जावा बसायच्या. आता त्या दाराआड ती एकटीच बसत होती. पातेल्याच्या कडेला लागलेलं निपटून घ्यायचं आणि उठायचं, झालं.

टूर ऑफिसातून परत येताना बसमध्ये मालन म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही दोघं जाऊन या."

"अगं, वेड लागलंय का तुला? पोराने पैसे भरलेत."

"इथे एकटी जेवते ते ठीक आहे. दाराआड असते. तिथे सात परकी माणसं घास मोजत बसतील. आणि काटे-चमचे."

"मग आमच्याबरोबर बस."

"दादांसमोर?"

वर्तकनगर येईपर्यंत दौलतराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही ते चित्र डोळ्यांपुढे आणता आलं नसावं.

रात्री जेवताना त्यांनी भावाला सगळं सांगितलं. मालन ओट्यापाशी भाकरी भाजत होती. दादांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "सोपं आहे. मी एकटा पहिल्या गाडीने जातो. तुम्ही दोघं मागच्या गाडीने या."

मालनची भाकरी तव्यावर तशीच राहिली. दादांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतलेला तिने कधी पाहिला नव्हता. भात किती, हे ते हाताने 'पुरे' करून सांगायचे. वाढणारीने 'अजून' म्हणायचं, त्यांनी हात आडवा करायचा, की झालं माप. तो हात तिथे कोण ओळखणार? गोऱ्या वेटरपुढे हात आडवा धरून दादा उपाशी उठतील. आणि ती कुठेतरी वरच्या मजल्यावर बसून आपली पाळी यायची वाट बघत असेल.

भाकरी करपली. ती उलथताना मालन नवऱ्याला म्हणाली, पण दादांना ऐकू जाईल अशा बेताने, "आधी घरी एकदा बसून बघू या की. जमतंय का ते तरी कळेल. नाही जमलं तर मी राहते घरी."

"बसून म्हणजे?"

"म्हणजे तिघांनी. एकदम. टेबलावर."

टेबल होतं घरात. उत्तमने जाण्याआधी हौसेने घेतलं होतं, आणि त्यावर आजवर फक्त इस्त्रीचे कपडे जेवले होते. रविवारी मालनने कपडे उचलले, टेबल पुसलं, मार्केटमधून लहानसा रावस आणला. कालवण, भात, भाकरी, सोलकढी, सगळं तिने मधोमध मांडलं. बोटीवर वेटर असतील, पण इथे वाढायला उठायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. ती उठली तर मग बघायचं काय?

दोघे भाऊ येऊन बसले. दौलतरावांनी खुर्ची दोनदा मागेपुढे केली. दादा समोर बसले आणि मान खाली घालून रिकाम्या ताटाकडे बघू लागले. मालन कडेच्या खुर्चीवर टेकली, पदर कपाळापर्यंत ओढून.

"काय करायचं आता?" दौलतराव कुजबुजले.

"घ्यायचं," मालन म्हणाली.

कुणीच हात पुढे करेना. शेवटी दादांनी भाताच्या पातेल्यात पळी घातली आणि एवढा भात घेतला, की ताटाच्या काठावरून खाली सांडला. सांडलेलं त्यांनी बोटांनी गोळा केलं. आपण रोज किती वाढतो याचा अंदाज मालनच्या हाताला होता, त्यांच्या पोटालाही असेल, पण त्यांच्या हाताला तो नव्हता. तिने मांडीवर एका हाताने दुसरा हात धरून ठेवला.

मग दादांनी कालवणात पळी घातली. वरच मधल्या तुकड्या होत्या. भरदार तुकडी नेहमी दादांच्या ताटात जायची, तशी ती आजही वर ठेवली होती. त्यांनी ती पळीने बाजूला सारली. दुसरीही सारली. तळाशी काहीतरी शोधलं, आणि पळी वर आली ती रावसाचं डोकं घेऊन.

"दादा, ते माझं!"

शब्द तोंडातून गेल्यावर मालनला ऐकू आले. भाकरीकडे गेलेला दौलतरावांचा हात थांबला. दादांची पळीसुद्धा थांबली, तिच्यातून थेंब थेंब कालवण टेबलावर पडत होतं.

"तुझं?" दादा म्हणाले. भिंतीला नव्हे, तिला.

आता माघार घेऊन उपयोग नव्हता. "डोकं शेवटच्या पंगतीला राहतं. वाढता येत नाही ना ते, काट्यांचं असतं. म्हणून ते आमचं. म्हणजे आधी आम्हा दोघींचं, आता माझं."

"मी आईच्या हातचं खाल्लेलं," दादा म्हणाले. "लग्न झालं तसं ताटात कधी आलंच नाही. मला वाटलं, तुम्ही टाकून देता."

"टाकून?" मालनचा पदर घसरला. "सगळ्यात गोड तेच असतं! ती तुकडी काय, कापूस नुसता."

"कापूस!" दौलतराव म्हणाले. "आणि इतकी वर्षं आम्ही कापूस खातोय?"

"मागितलंत कधी?"

दादा खोकले की हसले, ते आधी कळेना. मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं. त्यांनी डोकं आपल्या ताटात ठेवलं, दोन्ही हातांनी मधोमध फोडलं आणि एक अर्धं तिच्या ताटात ठेवलं. तिला पुरुषाने वाढलं असं या घरात पहिल्यांदाच घडलं. आणि तेही नेमकं भासऱ्यांच्या हातून. मालनने ताटाकडे बघितलं. मग खायला लागली. डोकं खायचं तर मान खाली घालून, लाजून चालत नाही. हाडं चोखावी लागतात, आवाज होतो. दोघांचाही झाला.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "एक विचारू?"

मालनने सवयीने नवऱ्याकडे बघितलं. "तुलाच विचारतायत," दौलतराव म्हणाले.

"आम्ही उठलो की तुम्ही दार लोटायच्या. मग हसायच्या. मी बाहेर बातम्या लावून बसायचो आणि आवाज बारीक करायचो. पण शब्द कधी कळले नाहीत." दादा हाडाचा तुकडा ताटाच्या कडेला मांडत होते. "रंभाला विचारलं एकदा. म्हणाली, बायकांचं असतं काहीतरी. काय असायचं?"

मालनला वाटलं, आता उठावं आणि सोलकढी आणावी. पण सोलकढी समोरच होती.

"तुम्हाला राग येईल."

"आला तर येईल."

"तुम्ही जेवून पाटावरून उठलात, की वहिनी दोनदा चमचा वाजवायच्या. वाटीवर. टण टण. आणि म्हणायच्या, चला, सुटली गाडी." तिने खाली बघतच सांगितलं. "आणि कधी तुम्ही पुन्हा मीठ मागायला वळलात, तर म्हणायच्या, ब्रेकडाऊन."

दौलतरावांनी भीतीने भावाकडे बघितलं. दादांचा चेहरा अगदी स्थिर होता. डोळे मात्र ताटावरच्या अर्ध्या डोक्यावर होते आणि ते नुसते बघत होते, खात नव्हते.

"आणखी?" ते म्हणाले.

"आणखी काय?"

"आणखी सांग. इतकी वर्षं हसत होतात, तेवढंच नसणार."

तेवढंच नव्हतंच. मालनने खुर्ची थोडी पुढे ओढली. खोपटच्या डेपोतल्या साहेबांची नक्कल सांगितली, दौलतरावांच्या वरातीतल्या टोपीचं सांगितलं, ते ऐकून दौलतराव म्हणाले, "हे अति होतंय!" आणि दादा म्हणाले, "गप रे, तुझं स्टेशन गेलं." ताटात हात वाळले. एक-दोन ठिकाणी मालन अडखळली, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं, निदान एका रविवारात तरी नव्हतं. "ते नंतर," ती म्हणाली. दादांनी मान डोलावली. बातम्या येऊन गेल्या, कुणी टीव्ही लावला नाही.

सोमवारी मालन एकटीच स्टेशनजवळच्या ऑफिसात गेली. शीलाने फॉर्म काढला, खोडरबर शोधला.

"काय ठरलं काकी?"

"तिघेही दुसऱ्या बैठकीला."

"काकांना उशीर चालेल? मोठ्या काकांना?"

"त्यांनीच सांगितलंय. मागे कुणी उभं राहायला नको म्हणाले."

शीलाने पेन्सिलीचं खोडलं आणि शाईने लिहिलं. मालन जागची हलली नाही. तिला अजून एक विचारायचं होतं, आणि कसं विचारावं ते सुचत नव्हतं.

"टेबलावर आमच्याशिवाय पाच जण ना? ते कोण असतील, हे आधी कळतं का?"

"नाही काकी. पण मी लिहू शकते, मराठी ग्रुप असेल तर त्यांच्याबरोबर द्या म्हणून. तुम्हाला बोलायला सोबत होईल."

"नको, नको," मालन घाईघाईने म्हणाली. "मराठी कुणी नको. चिनी नाही तर जपानी द्यायला सांग."

"का हो?"

"आमचं बोलणं जरा खासगी आहे," मालन म्हणाली, आणि पर्सची चेन लावून उठली.