विनातिकीट शब्द

मित्रांनो, मी एक जुना पोलिश-इंग्रजी शब्दकोश आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. माझं आत्मवृत्त वाचायला बसलात खरे, पण हात धुतलेत का? माझ्या पाठीला औषधांच्या दुकानातली चिकटपट्टी लावलेली आहे. पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदराने कुरतडला असं घरचे सांगतात. उंदीरच होता कशावरून, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

माझा जन्म वॉर्सातल्या एका छापखान्यात झाला. तिथे मुद्रितं तपासायला एक बाई होत्या. सासूने नव्या सुनेच्या हातचा स्वयंपाक चाखावा, तशा त्या एकेक शब्द चाखायच्या. त्यांचाच स्वभाव माझ्या पानापानात उतरला. माझा पुढचा भाग इंग्रजीतून पोलिशमध्ये नेतो, मागचा पोलिशमधून इंग्रजीत. दोन्हीकडच्या शब्दांना मी ओळखून आहे.

त्यांतही माझा खरा राग सोंगाड्या शब्दांवर. दिसायला अगदी घरचे, पण अर्थ भलताच. तुमच्याकडेही असे आहेत म्हणे. हिंदीतली ‘शिक्षा’ घ्यायला मुलं दप्तर भरून शाळेत जातात आणि तुमची ‘शिक्षा’ नुसती ऐकली तरी बाकाखाली लपतात. आमच्या पोलिश बोलण्यात तर ‘नो’ म्हणजे चक्क ‘हो हो, बरं बरं’! इंग्रजांचा ‘नो’ म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

सानोक गावातल्या यागोदा नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत तिने माझ्यात लाल पेन्सिलीने इतक्या खुणा केल्या, की मला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. निकाल लागला तेव्हा तिने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, “तू नसतास तर मी बुडालेच होते रे!” मला तेव्हाच संशय आला. इतकं कौतुक झालं की पुढे काहीतरी वाईट होतंच. झालंही तसंच. ती इंग्लंडला निघून गेली आणि मी कपाटाच्या लंगड्या पायाखाली गेलो. तिथे नऊ वर्षं काढली. कपाटाचं ओझं मी सोसलं, पण विसरला गेलो ते मात्र सोसवलं नाही.

मला बाहेर काढलं ते तिच्या आईने, लेओकाद्याने. लेओकाद्या तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होती. निवृत्त झाली तरी नजर तीच. दारात पाहुणा आला तरी ती त्याच्या खिशाकडे आधी पाहायची. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली.

यागोदाने तिकडे कॉलिन नावाच्या इंग्रजाशी लग्न केलं होतं. जावयाला पोलिश येत नव्हतं, सासूला इंग्रजी येत नव्हतं. फोनवर यागोदा रोज म्हणायची, “सगळं छान आहे गं आई.”

“रोज सगळं छान?” फोन ठेवून लेओकाद्या मला म्हणायची. “तीस वर्षं बस पाहिलीये मी. जो विचारायच्या आधीच हसतो ना, त्याच्याकडे तिकीट नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.”

म्हणून चौसष्टाव्या वर्षी तिने इंग्रजी शिकायला घेतलं. जावई काय बोलतो ते आपल्या कानांनी ऐकायचं, मुलीच्या तोंडून नको. स्वयंपाकघरात सगळीकडे चिठ्ठ्या चिकटल्या. फ्रिजवर ‘फ्रिज’, दारावर ‘डोअर’, मिठाच्या बरणीवर ‘सॉल्ट’. सोबतीला शेजारचे तेओफिलराव येत. हे पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांना इंग्रजीत काडीचा रस नव्हता, लेओकाद्याच्या खसखशीच्या केकमध्ये होता.

वाक्प्रचारांपाशी तर दोघांची रोज जुंपायची. एखादी गोष्ट फार सोपी असली की आमच्याकडे तिला ‘लोणी लावलेला पाव’ म्हणतात. इंग्रज म्हणतात ‘केकचा तुकडा’.

“पाहिलंत?” लेओकाद्या म्हणाली. “आम्ही पावावर भागवतो, यांना सोप्या कामालासुद्धा केक लागतो. माजलेत.”

“आणि माणूस मेला की काय म्हणतात?” तेओफिलरावांनी विचारलं.

तिने माझी पानं उलटली. “बादलीला लाथ मारली म्हणतात.”

“शी! बादलीला? आपण कसं, कॅलेंडरला लाथ मारतो. त्याला काही अर्थ तरी आहे.”

असं हसतखेळत चाललं होतं. मी पुन्हा कामाचा झालो होतो. रोज फडक्याने पुसला जायचो. सुखात होतो, म्हणूनच धास्तावलो होतो.

वसंतात बातमी आली, यागोदाला दिवस गेले आहेत. पाठोपाठ कॉलिनच्या हातचं एक पत्र आलं, सगळं इंग्रजीत. लेओकाद्याने चष्मा पुसला, मला उघडं ठेवलं आणि एकेका शब्दाचं तिकीट तपासायला सुरुवात केली. ‘आरामशीर’ तपासला. ‘पडदे’ तपासला. ‘त्रास’ तपासला. एका शब्दापाशी मात्र ती थबकली, पांढरीफटक पडली आणि सरळ पुढे गेली. तो शब्द तिने माझ्यात पाहिलाच नाही. पाहायचं कशाला? ओळखीचाच तर होता.

तो शब्द होता ‘कॅरॅव्हॅन’. मित्रांनो, इंग्रजीत ते चाकांवरचं छोटं घर, गाडीमागे जोडून न्यायचं. आमच्या पोलिशमध्ये ‘काराव्हान’ म्हणजे शववाहिनी.

“वाचा हो मोठ्याने,” तेओफिलराव म्हणाले. त्यांच्या हातात आलुबुखाराचा मुरंबा लावलेला पाव होता.

लेओकाद्याने शब्द जुळवत वाचलं. “‘प्रिय आई, बाळाच्या वेळी तुम्ही इकडे या. आमचं घर लहान आहे, म्हणून आम्ही तुमच्यासाठी एक काराव्हान घेतली आहे. पांढरी आहे. पडदे यागोदाने निवडले. मी स्वतः आत आडवा होऊन पाहिलं, फार आरामशीर आहे. तिथे तुम्हांला कुणी त्रास देणार नाही.’”

तेओफिलरावांचा घास हातातच राहिला. वाऱ्याने माझी पानं मागच्या भागाकडे उलटली होती; मुरंब्याचा भला मोठा गोळा टपकन पडला तो नेमका तिथल्या ‘ओ’च्या पानांत. त्यांनी तो बाहीने पुसला आणि मला फटकन मिटलं. हा माणूस माझा घात करणार, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

“आत झोपून पाहिलंय म्हणतो मेला!” लेओकाद्याने पत्र टेबलावर आपटलं.

“आणि पांढरी?” तेओफिलराव म्हणाले. “आपल्याकडे निदान काळी तरी असते. मला काही हे बरं लक्षण दिसत नाही, लेओकाद्याबाई.”

“त्याचं एक सोडा. परका माणूस. पण पडदे माझ्या पोरीने निवडले हो. माझ्या पोरीने!”

मी टेबलावर हातभर अंतरावर पडून होतो. पुढच्या भागात, डाव्या पानावर, वरून सातव्या ओळीत खरा अर्थ छापलेला होता. मला तोंड असतं तर गाव गोळा केला असता. पण शब्दकोशाला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

तिने उलट टपाली उत्तर लिहिलं. जावयाला ‘तू असभ्य माणूस आहेस’ म्हणायचं होतं. आमच्याकडे असभ्य माणसाला ‘ऑर्दिनार्नी’ म्हणतात. ती माझ्यात पाहायला गेलीसुद्धा, पण मुरंब्याने ती दोन पानं घट्ट चिकटली होती. “जाऊ दे, दोन्हीकडे सारखाच असणार,” असं म्हणून तिने लिहून टाकलं, ‘यू आर ऑर्डिनरी मॅन’. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ‘तू साधा माणूस आहेस’. पत्र गेलं आणि त्या दिवसापासून तिने यागोदाचा फोन उचलणं बंद केलं.

फोन वाजायचा. ती पीठ मळत राहायची, नाहीतर बेसिन घासत राहायची. वाजून वाजून थांबला की खुर्चीत बसून रडायची. तीन आठवडे असं चाललं. चिठ्ठ्या तिने एकेक करून काढल्या, मिठाच्या बरणीवरचीसुद्धा. पोटच्या मुलीला ती तोडून बसली होती, बाळाचं तोंडही पाहणार नव्हती. या सगळ्याला कारण एक शब्द, आणि तो माझ्या पोटात होता. मित्रांनो, कपाटाखालची नऊ वर्षं मला त्या तीन आठवड्यांपुढे हलकी वाटली.

मग एका शनिवारी दुपारी कुंपणापलीकडून तेओफिलराव ओरडले, “लेओकाद्याबाई! अहो, तुमची काराव्हान आली!”

ती हातात लाटणं घेऊनच दाराशी धावली. फाटकासमोर चाकांवरचं एक ठेंगणं पांढरं घर उभं होतं. खिडकीला पिवळे पडदे होते. गाडीतून एक लांबुडक्या मानेचा, उन्हाने कान लाल झालेला माणूस उतरला. त्याने दाराबाहेरूनच हात पुढे केला. उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. लेओकाद्याने हात मागे घेतला आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला. त्याच्यामागून पोट सांभाळत यागोदा आली.

“आई, फोन उचलायला काय झालं होतं तुला? ये, आत येऊन बघ आधी.”

लेओकाद्या त्या पांढऱ्या घरात शिरली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो, मला अर्धवटच दिसत होतं, पण तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “अगं, इथे चिठ्ठ्या आहेत!” कॉलिनने आत जागोजागी पोलिश शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सासूबाई येणार म्हणून तोही शिकत होता. “शेगडीवर ‘खिडकी’ लिहिलंय मेल्याने,” ती म्हणाली, पण तो ‘मेल्या’ वेगळा होता.

ती तडक आत आली आणि तिने मला उघडलं. डावं पान, सातवी ओळ. वाचलं. मग ‘ऑर्डिनरी’ काढला. तोही वाचला. माझ्या पानावर टपकन पाणी पडलं. यागोदा मागे उभी होती.

“मी त्याला असभ्य लिहिलं गं,” लेओकाद्या म्हणाली.

“कळलं मला. पत्र पाहिलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणून तर धावत आलो. तो मात्र भारी खूश आहे. साधा माणूस म्हटलंस ना! पत्र खिशात घेऊन फिरतो.”

“त्याला खरं सांगते.”

“काही नको सांगूस. राहू दे त्याला खूश.” असं म्हणून ती थकलेली पोर आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि झोपली.

असल्या लपवाछपवीचा मला तिटकारा आहे. मी मनातल्या मनात चडफडत होतो, तेवढ्यात कॉलिन आत आला. या वेळी त्याने उंबरा ओलांडला. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्याने इंग्रजीत विचारलं, “आई, आमच्याबरोबर याल?”

लेओकाद्याला तो अख्खा प्रश्न समजला. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या मदतीशिवाय! तिचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला की माणूस आपल्याच भाषेत बोलतो. ती दोन्ही हात उंचावून म्हणाली, “नो! नो, नो, नो!”

कॉलिनने मान खाली घातली. तो बाहेर गेला. खिडकीतून दिसलं, तो पांढऱ्या घरातल्या चिठ्ठ्या एकेक करून काढत होता आणि नीट घडी घालून खिशात ठेवत होता.

“याला काय झालं आता?” लेओकाद्या पुटपुटली. जुनी लेओकाद्या असती तर म्हणाली असती, पाहिलंत, मनातून नकोच होते मी. शंकेची पाल चुकचुकली खरी, पण या वेळी तिने संशयाचा मोहरा फिरवला. “थांब. मी काय बोलले? माझ्याच कुठल्या शब्दाकडे तिकीट नव्हतं?”

तिने मला उघडलं. पुढच्या भागात, दोन अक्षरांचा तो टिचभर शब्द. कुणी पाहील का हो ‘नो’ शब्दकोशात? तिने पाहिला. “अरे देवा!” म्हणाली आणि मला घेऊन घरातल्या सपाता घालूनच अंगणात धावली. धावता धावता तिने माझा मागचा भाग उघडला आणि पोलिश ‘नो’वर अंगठा ठेवून मला त्याच्या नाकासमोर धरलं.

कॉलिनने वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खिशातून ‘खिडकी’ लिहिलेली, घडी घातलेली चिठ्ठी काढून तिने जिभेने ओली केली आणि चिकटवली, शेगडीवर नव्हे, खिडकीवर. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्याने विचारलं, “नो?” ती म्हणाली, “नो!”

दुसऱ्या दिवशी सगळे गाडीत बसल्यावर ती मला घ्यायला परत आली. विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरलं की बसून दहा आकडे मोजायचे, अशी आमची रीत. तिने खुर्चीत बसून ते इंग्रजीत मोजले.

मित्रांनो, आता मी त्या पांढऱ्या घराच्या फळीवर राहतो. बाळ माझ्या पुठ्ठ्यावर दात उगवून घेतंय, आणि तो कुरतडलेला कोपरा पाहून मला यागोदाच्या परीक्षेच्या रात्रींविषयी दाट संशय येतो. तुम्हांला एवढंच सांगणं आहे, आम्हां शब्दकोशांना कपाटाखाली घालू नका. आम्हांला उघडा. अवघड शब्द पाहालच, पण ओळखीचा शब्द आधी पाहा. पानांजवळ मुरंबा आणू नका.

कॉलिन हल्ली रोज संध्याकाळी मागच्या भागातून पोलिशचे दहा शब्द पाठ करतो. क्रमाने चाललाय, ‘एन’ संपवलं. काल तो ‘ऑर्दिनार्नी’च्या त्या चिकटलेल्या दोन पानांशी आला आणि त्याने कडेला नख घातलं. जन्मभर मी कुणापासून एकही अर्थ लपवला नव्हता. पण त्याच्या खिशात अजून ते पत्र आहे. मी सगळी ताकद लावली आणि पानं गच्च आवळून धरली.