वास गेलेलं पाणी

लोमा सेका गावाच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीनची गोळी टाकायचं काम अकरा वर्षं एदुविनाकडे होतं. आधी तिच्या नवऱ्याकडे होतं. तो गेला, किल्ली खुंटीवरच राहिली, म्हणून तिने घेतली. रोज सकाळी टेकडी चढायची, गोळी टाकायची, बाटलीत पाणी धरून त्यात तपासणीचे थेंब सोडायचे, क्लोरीन पुरेसं असल्याचा गुलाबी रंग आला की उतरायचं.

टाकीत ज्याचं पाणी येतं त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला रोसेन्दोचे कांद्याचे मळे; त्यांवर किड्यांचं औषध फवारलं जाई. रोसेन्दो म्हणजे तिच्या लेकीचा, यामिलेथचा धर्मपिता; बाप्तिस्म्याला पोरीला त्यानेच हातावर धरलेलं. त्यामुळे फेब्रुवारीत नळाच्या पाण्याला सडक्या लसणासारखा वास यायला लागला, तेव्हा पाणी समितीत सगळे टाकीबद्दल बोलले, मळ्याबद्दल कुणी नाही. समितीचा अध्यक्षही रोसेन्दोच.

"कोमाद्रे, दोन गोळ्या टाकत जा," तो म्हणाला; धर्मकन्येच्या आईला तिकडे अशीच हाक मारतात. "क्लोरीन सगळं मारतं."

"तुमचं औषध किडे मारतं, माझं क्लोरीन तुमचं औषध मारणार. मग गावात जिवंत राहायचं कुणी?"

सगळे हसले. मग दोन गोळ्यांसाठी सगळ्यांनी हात वर केले. एदुविनानेही केला.

चौथ्या दिवशी वास गेला. बायका वाटेत थांबवून तिला आशीर्वाद देऊ लागल्या. यामिलेथला तिसरा महिना होता. त्या वासाने तिला उलट्या होत. आता ती पुन्हा गुळाचं गरम पाणी पिऊ लागली, दिवसाला चार-चार पेले.

मे महिन्यात विद्यापीठातून फाबिओला नावाची इंजिनियर बाई आली. झऱ्याचं आणि नळाचं पाणी तिने आधीच तपासायला नेलं होतं. ती एदुविनाच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर टेकली.

"झऱ्याच्या पाण्यात औषध आहे. नळाच्या पाण्यात नाही."

"म्हणजे क्लोरीनने ते मोडलं."

"मोडलं, पण संपलं नाही, एदुविनाबाई. क्लोरीन त्यातलं गंधक काढून घेतं, म्हणून वास जातो. मागे जे उरतं ते मज्जातंतूंना मूळ औषधापेक्षा जहाल. पोटातल्या बाळांना तर फारच."

"आणि दोन गोळ्यांनी?"

"तेच आणखी लवकर होतं."

मीठ किती घालू, असं विचारावं तसं एदुविनाने विचारलं, "मग एकही टाकू नको?"

"झऱ्याशी गुरं बसतात. गावभर हगवण लागेल."

"उकळून?"

"उकळून जाईल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वरची फवारणी थांबायला हवी."

फाबिओला समोरची कॉफी प्यायलीच नाही. एदुविनाच्या ते लक्षात आलं, पण राग नाही आला.

फाबिओलाने दिलेला तपासणीचा कागद घेऊन एदुविना तडक मळ्यात गेली. रोसेन्दोने तो उभ्याउभ्या वाचला, एक ओळ मोठ्याने, दोनदा. "नळाच्या पाण्यात औषध आढळले नाही. बघा, कोमाद्रे. लिहूनच दिलंय."

"त्याखालची वाचा."

"ती बारीक अक्षरात आहे." मग तो हळू आवाजात म्हणाला, "फवारल्याशिवाय कांदा उभा राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं? तुमचे दोन्ही मुलगे इथेच राबतात."

तो धमकी देत नव्हता. दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी तो कागद चर्चच्या दारावर लागला. खालचा भाग नीट आत दुमडलेला.

एदुविना घरी आली तेव्हा यामिलेथ चुलीपाशी पेला घेऊन बसली होती. एदुविनाने तिला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. यामिलेथचा हात पोटावर गेला.

"मग आता काय पिऊ, आई?"

टँकर मंगळवारी येतो, तोही याच डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यावर भरून. तिकडेही कांदाच आहे. एदुविनाने पेला तिच्या हातून घेतला, मोरीत रिकामा केला, नळाखाली धरून विसळला, भरला, आणि मग तो हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढली. एक गोळी टाकली, दुसरी खिशात ठेवली. बाटलीतल्या पाण्याला फिकट गुलाबी रंग आला. तिने बाटली नाकाशी नेली. लसणाचा मागमूस नव्हता; कालच्या दोन गोळ्यांनी तो आधीच घालवला होता.