साडूची कंबर

प्रत्येकाच्या नात्यात एक माणूस असा असतो, की जेवताना त्याचं कौतुक निघालं की घास घशात अडकतो. शिंप्याच्या घरी हे काम साडूकडे होतं. साडू टपाल कचेरीत खिडकीमागे बसायचा आणि वर्षभरात चांगला सडपातळ झाला होता. "माझ्या बहिणीचं नशीब," एवढंच बायको म्हणायची आणि शिंप्याच्या पोटाकडे बघत ताटं उचलायची.

शिंप्याने प्रयत्न कमी केले नव्हते. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून, वर गिऱ्हाइकाचा लोकरी कोट चढवून त्याने भर दुपारी मशीन चालवलं. घाम निथळला, काट्यावर वजन घटलं. पोटभर पाणी प्यायल्यावर ते परत आलं. मग त्याने फक्त पोटाचे व्यायाम केले. पोट होतं तिथेच राहिलं, मान मात्र आखडली. शेवटी त्याने साडूलाच विचारलं. तो म्हणाला, सगळं खातो, पण बेताने, आणि संध्याकाळी चालतो. हा खरं सांगत नाही, अशी शिंप्याची खात्री पटली.

त्यातच साडू पँट घेऊन आला. कंबर जराशी आत घ्यायची होती. शिंप्याने तोंडात टाचण्या धरून माप घेतलं आणि जराशीच्या जागी चांगली चार बोटं आत घेतली. दुसऱ्या दिवशी बटण लागेना.

"पुन्हा सुटायला लागलात वाटतं, साडूभाऊ," शिंपी हळहळून म्हणाला. त्या रात्री त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

साडूने रात्रीचं जेवण सोडलं. काही आठवड्यांत पँट बसली. शिंपी हवालदिल झाला. शिवण उसवलीय, ठेवून जा, असं सांगून त्याने ती आणखी आवळली. साडूने दुपारचा डबाही बंद केला. पँट पुन्हा बसली. साडूच्या बारीक होण्यावर जळणारा आणि त्याला बारीक करायला राबणारा, दोन्ही माणसं आता एकाच मशीनवर बसत होती.

तिसऱ्यांदा साडू पडद्याआड पँट चढवत असताना धप्पकन आवाज आला.

खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई धावत आल्या. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या, पण जिना चढून आल्या तरी धाप लागली नाही, याचंही शिंप्याला वाईट वाटलं. साखरपाण्याने साडूने डोळे उघडले आणि जेवण सोडल्याचं कबूल केलं.

"उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही झडतात," बाई म्हणाल्या. "मग अशी चक्कर येते. आणि जेवायला लागलात की वजन परत येतं. आधी बेताने खात होतात, चालत होतात, तेच बरोबर होतं. का सोडलंत?"

"पँट घट्ट व्हायला लागली. काटा एक वेळ फसवेल, बाई, पँट कशाला फसवेल?"

बाईंनी शिंप्याच्या गळ्यातली टेप ओढून साडूची कंबर मोजली. मग पँटची मोजली. मग त्या शिंप्याकडे बघत राहिल्या. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे न बोलण्याची सोय होती.

"साडूभाऊंना विचारा," साडू पडल्या पडल्या म्हणाला. "त्यांनी तरी वेळीच सांगितलं. परक्याने तोंडावर सांगितलं नसतं."

शिंप्याने एकेक करून टाचण्या काढल्या.

"मीच आवळली," तो म्हणाला. "तुमचं बारीक होणं बघवत नव्हतं मला."

साडू कोपरावर रेलून उठला. "म्हणजे मी सुटलो नव्हतो?"

"नाही."

"मग काही खायला आहे का?"

शिंप्याने आपला डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. साडूने तो पुसून खाल्ला, आणि साडूचं काहीतरी चांगलं चाललेलं बघून शिंप्याला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

तर मंडळी, घामाने जातं ते पाणी, उपासमारीने जाते ती ताकद. आणि दुसऱ्याच्या कंबरेवर डोळा ठेवून आपली कमी झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. बेताने खावं, रोज चालावं आणि धीर धरावा. यापलीकडे गुपित नाही.

हल्ली दोघे संध्याकाळी बरोबर चालतात. साडू नेहमी थोडा पुढे असतो. त्याचे बूट आपल्या दुकानात दुरुस्तीला येत नाहीत, याची शिंप्याला अधूनमधून हळहळ वाटते. पण तो चालत राहतो.