मोरूच्या आईचं पान

मित्रांनो, मी मिरकरवाड्यातली एक जुनी दगडी डोण आहे. सध्या मोरूच्या घरामागच्या परड्यात पडून असते. कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात आणि वर माझ्यातच घाण करतात. करू देत बापड्या. बंदरात बर्फ आला आणि माझं काम गेलं.

एके काळी बांगडे खारवावेत तर माझ्यातच, असं सगळी आळी म्हणायची. मोरूची आई माझ्यात बांगडे रचायची आणि त्यांवर मिठाचा थर द्यायची. तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. खडकाच्या खळग्यांत उन्हाने सुकलेलं मीठ उचललं, तरी ती चोरी ठरायची. मोरूची आई तेच आणायची. एकदा शिपाई आले. त्यांनी मला उपडी केली, बांगडे चिखलात गेले. मोरूची आई त्यांच्यापुढे उभी राहिली.

"दर्या काय तुमच्या बापाशीनं खणला?" तिने विचारलं.

तिला तुरुंगात नेलं. परत आली ती खोकतच, आणि पावसाळ्याआधी गेली. मोरू तेव्हा अंगावर पीत होता.

लोक तिला मीठचोर म्हणू लागले. तिचा नवरा इतका लाजला, की घरात तिचं नाव घ्यायलाच त्याने बंदी केली. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन परड्यात पान मांडतात. तिचं पान कधी मांडलं नाही. मला फार वाईट वाटायचं.

सन चौऱ्याऐंशीच्या म्हाळाला मोरूची थोरली बहीण धोंडूबाई त्याला म्हणाली, "यंदा आयेचं पान मांड रे. माझं आता काय खरं नाय."

"बाबानं कधी मांडलं नाय. मी कसं मांडू?"

"बाबा लाजला. तू कशाला लाजतोस?"

मोरूने बाकीच्यांची पानं मांडली. आईचं काही मांडलं नाही.

पुढल्या शिमग्यात धोंडूबाई गेली. मोरूच्या मनाला ते फार लागलं. त्या वर्षीच्या म्हाळाला त्याने आपणहून आईचं पान मांडलं. भात वाढला, वडे वाढले. मग नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. ते नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या धोंडूबाईला.

"आये, तुझं नाव मला ठावं नाय गो," एवढंच म्हणाला आणि साठीचा तो बाप्या माझ्या शेजारी बसून रडला.

मला ते नाव ठाऊक आहे. पण मी कितीही ओरडले तरी मोरूला ऐकू येत नाही. मित्रांनो, तुम्ही तरी ऐकताय. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर गेलेल्यांची नावं विचारून घ्या. ज्यांच्याविषयी कुणी बोलत नाही, त्यांची आधी विचारा.

मोरूच्या आईचं नाव गुणवंती होतं.