मॅडमच्या जागी

"डाग कुठे गेला?"

हे तिने मोठ्याने विचारलं खरं, पण प्रदर्शनाच्या दालनात उत्तर द्यायला कोणी नव्हतं. लाइटवाला शिडीच्या टोकावर दिव्याशी झटापट करत होता, त्याचं लक्ष छताकडे. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो लावलेला होता. छावणीतला तंबू. तंबूच्या दारात डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मान खाली घातलेली, चेहरा सावलीत. तिच्या हातांवर फडक्यात गुंडाळलेलं, नुसते डोळे उरलेलं एक बाळ. हा फोटो तीस वर्षं दवाखान्यांच्या, शाळांच्या, टपाल कचेऱ्यांच्या भिंतींवर होता. सगळ्यांना तो तोंडपाठ होता, सिनेमातल्या मॅडमचा फोटो म्हणून.

फोटोतल्या बाईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ होता.

तिच्या पर्समध्ये हाच फोटो होता, तळहाताएवढा. तीन आठवड्यांपूर्वी आई गेली. कपाट आवरताना चादरींच्या घडीखाली तो सापडला, आणि त्या छोट्या फोटोत मनगटाच्या चार बोटं वर डाग होता. शेंगेच्या आकाराचा, कडेला जरासा चुरगळलेला. लहानपणी त्या डागावर बोट ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे. आईला ओळखायला चेहरा कशाला हवा होता?

आई मॅडमच्या जागी उभी राहायची. सिनेमातलं हेही एक काम असतं. दिवे लावायला तास, दोन तास लागतात. तेवढा वेळ नटीला उभं केलं तर तिचा चेहरा उतरतो. म्हणून तिच्या उंचीची, तिच्या अंगलटीची दुसरी बाई तसेच कपडे घालून जमिनीवरच्या खडूच्या फुलीवर उभी करतात. सगळं जुळलं की कोणीतरी ओरडतं, "सरका!" मग ती बाई डावीकडे दोन पावलं सरकते आणि नटी ताजीतवानी येऊन त्याच फुलीवर उभी राहते. मॅडमनी बावीस वर्षं सिनेमे केले. आई बावीस वर्षं सरकली. लाइटवाले तिला 'उभी' म्हणायचे. "उभी आली का? चला, चालू करा." हातावरचा डाग तिथलाच, दिव्याच्या तापलेल्या पत्र्याचा. चटका बसला तेव्हाही ती हलली नव्हती म्हणे, कारण कॅमेरावाला म्हणाला होता, "एक मिनिट."

घरातही तिचं तेच. ओट्यापाशी, रांगेत, खिडकीत, जिथे म्हणून थांबेल तिथे खिळल्यासारखी. बाबा म्हणायचे, "अगं बस की. नाहीतर शेजारीण तुझ्यावर कपडे वाळत घालेल." आई हसायची आणि उभीच राहायची.

मॅडम ऐन भरात असताना सिनेमा सोडून दुष्काळी भागात गेल्या, तेव्हा आईलाही घेऊन गेल्या. जखमा धुणं, दूध पाजणं, औषधाच्या पेट्या उतरवणं. मॅडमनी हे फोटोपुरतं केलं नाही, त्यांनी उरलेलं आयुष्य त्यात घातलं. मुलांचं इस्पितळ उभारलं, आणि शेवटी त्याच इस्पितळाच्या साध्या खाटेवर गेल्या. मॅडम वाईट असत्या तर त्यांच्यावर रागावणं लेकीला सोपं गेलं असतं. तिला गोवर आला तेव्हा आई छावणीत होती. शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही छावणीत. आजी म्हणायची, "तुझी आई पुण्याचं काम करतेय." सात वर्षांच्या पोरीने त्यावर काय बोलावं?

"तुम्ही आलात होय! अहो, कळवायचं तरी." मॅडमची भाची दारातून आली. मॅडमच्या इस्पितळाची संस्था आता तीच चालवत होती. केस घट्ट बांधलेले, हातात फायलींचा गठ्ठा. "आईंचं कळलं हो. फार वाईट वाटलं. यायला हवं होतं मी, पण हे प्रदर्शन..."

"असू दे. माझं एक काम होतं."

तिने पर्स उघडून फोटो पुढे धरला. भाचीने तो हातातही घेतला नाही. नुसती नजर टाकली आणि खुर्ची ओढून बसली.

"बसा ना."

"उभी बरी आहे."

"हे आम्हाला माहीत आहे," भाची म्हणाली. "मावशीनेच सांगितलं होतं. नदीवरचा पूल खचला होता, मावशीची गाडी पलीकडे अडकली. फोटोवाला म्हणाला, तोवर उजेड बघून ठेवू. तुमच्या आईंना उभं केलं. मावशी पोचली संध्याकाळी. तोवर बाळ गेलेलं होतं. मग जो होता तो फोटो छापला."

हे सगळं तिने इतक्या सरळ सांगितलं की भांडायला आलेलीला कुठून धरावं तेच कळेना. घरून निघताना तिने वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी हे नाकारणाऱ्या माणसासाठी होती.

"मग खाली आईचं नाव लिहा. एवढंच. छोट्या अक्षरात लिहा."

"ताई, हा फोटो बघून लोक थांबतात. त्यांच्या देणग्यांवर इस्पितळात चाळीस खाटा चालतात. उद्या मी लिहिलं की ही मॅडम नव्हेच, दिवे लावायला उभी केलेली बाई आहे, तर किती थांबतील? तुम्हीच सांगा."

"ती दिवे लावायला उभी केलेली बाई त्या बाळाला धरून होती."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

"पण डाग पुसलात."

भाचीने गठ्ठ्यातली एक फाइल ओढून एक पिवळट कागद काढला. "हे मावशीच्या कागदांत होतं. मी काचेखाली लावणार होते, मग वाटलं, नको. तुम्हीच वाचा."

अक्षर आईचं होतं. किराणाच्या यादीत असायचं तेच, सरळ रेघेत, एकही अक्षर न झुकलेलं.

'मॅडम, पोस्टर पाहिलं. हातावरचा डाग दिसतो आहे तो काढायला सांगा. कोणी ओळखलं तर तुम्हाला त्रास होईल. दुसरं असं की, खाली मुलगा छापलं आहे. ती मुलगी होती. तुम्ही यायच्या आत गेली, तेव्हा तुम्हाला माहीत असणार नाही. मी तिला पुसून कपडे घातले. तेवढं बदलावं.'

खाली सही नव्हती. नुसतं 'उभी.'

तिने ते दोनदा वाचलं. कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती, चार कपाटं भरतील एवढं वाचून झालं होतं. आईच्या मनातली एवढी ओळ मात्र आजच वाचायला मिळाली. आईला नाव नको होतं. आपला हात तिने आपणच पुसायला सांगितला होता, आणि आपण इथे तिच्या नावासाठी भांडायला आलो. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ रागही आला. पोटच्या मुलीला निदान एकदा सांगायला काय झालं होतं?

तिने भिंतीकडे पाहिलं. फोटोखाली पाटी होती, पांढऱ्यावर काळी अक्षरं: 'मृत्यूशी झुंजणाऱ्या मुलाला कुशीत घेताना मॅडम.'

"हे अजून तसंच आहे."

"डाग त्याच आठवड्यात काढला," भाची म्हणाली. "दुसरं राहून गेलं."

"तीस वर्षं?"

"एक शब्द आहे हो. जे बाळ गेलंच..." तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पाच वाजता उद्घाटन आहे. आता पाटी कोण छापून देणार? पुढच्या वेळी नक्की बघते. खरंच." फाइल मिटून ती पाहुण्यांच्या खुर्च्या मोजायला बाहेर गेली. कागद तेवढा टेबलावर राहिला. तिने त्याची घडी घातली आणि छोट्या फोटोबरोबर पर्समध्ये ठेवला.

"ओ ताई!" शिडीवरून हाक आली. लाइटवाला चांगला पन्नाशीचा, कानावर पेन्सिल खोचलेली. "घाईत नसाल तर जरा त्या फुलीवर उभ्या राहता का? प्रमुख पाहुण्या हिरॉईन आहेत. तोंडावर सावली पडली तर माझीच चंपी. तुमची उंची अगदी त्यांच्याएवढी दिसतेय."

फोटोसमोर जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. ती निघून जाऊ शकत होती. पण पाय आधीच तिकडे वळले होते.

उजव्या पायाचा अंगठा फुलीच्या मध्यावर. गुडघे ताठ करायचे नाहीत, नाहीतर चक्कर येते. दिव्याकडे बघायचं नाही, दिवा लावणाऱ्याच्या भुवईकडे बघायचं. सुट्टीच्या दुपारी, घरच्या फरशीवर, आई तिला हे खेळ म्हणून शिकवायची. आईबरोबर ती एवढा एकच खेळ खेळली होती.

दिवा लागला. गालावर ऊब आली, मग ऊन, मग चटका. ती हलली नाही.

"वा!" लाइटवाला वरून म्हणाला. "पूर्वी केलंय वाटतं हे काम?"

"मी नाही. पण घरातलं आहे."

"तरीच. जरा मान खाली. अजून थोडी. हां." दिवा इंचभर फिरला, परत आला. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. पाठीमागे तो फोटो होता, बाई, बाळ आणि तो स्वच्छ हात. आणि ती पुढे, त्यांच्याकडे पाठ करून, दुसऱ्याच कोणासाठी उजेड अंगावर घेत होती. आईला किती वेळ लागला असेल त्या तंबूच्या दारात? बाळ केव्हा गेलं, उजेड बघताना की बघून झाल्यावर?

"झालं ताई. सरका."

ती डावीकडे दोन पावलं सरकली. तिची सावली भिंतीवरून उतरली आणि सगळा उजेड पाटीवर पडला. एक एक अक्षर लख्ख.

लाइटवाला शिडी उतरून खाली आला. कमरेला पांढऱ्या चिकटपट्टीचं बंडल लटकत होतं.

"ती पट्टी थोडी देता?" तिने विचारलं. "आणि पेन्सिलही."

"घ्या की. केवढी हवी?"

"एका शब्दापुरती."

त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. पट्टी अंगठ्यावर मोजली आणि दाताने तोडून दिली.